तोंड जमिनीत असलेली तोफ

आधीच सांगतो, धारगळला हायवेवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा माझा धंदा. जे खोलून बघता येत नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही. म्हणजे, गेल्या जानेवारीपर्यंत तरी ठेवत नव्हतो...

माझी बहीण सुमन केरीला दिलेली. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे, किल्ल्याच्या समोरच्या काठावर त्यांचा धक्का. धक्क्यावर एक जुनी तोफ उलटी पुरलेली आहे — तोंड जमिनीत, बूड वर. किल्ला कधी भोसल्यांचा, कधी पोर्तुगीजांचा. सगळे आले नि गेले, ही तेवढी होड्या बांधायचा खुंट होऊन राहिली. दोर सोडण्यापूर्वी तिथली माणसं तिच्यावर हात ठेवून म्हणतात, "आज्या, येतंय." जातंय म्हणायचं नाही.

त्या सकाळी भावोजींच्या होडीला मी इंजिन बसवलं आणि आम्ही दोघे ट्रायलला निघालो. भावोजी तोफेकडे वळले, तोवर मी दोर सोडूनही टाकला. "कसलो आजो नि कसलो काय, भावोजी! गॅरंटी माझी!"

भावोजींचा चेहरा उतरला.

नदीच्या मुखाबाहेर पडलो आणि धुकं आलं. होडीचं टोक दिसेना. त्यातच माझं गॅरंटीवालं इंजिन बंद! भरतीची ओढ आम्हाला किल्ल्याखालच्या खडकांकडे नेत होती, आणि लाट फुटल्याचा आवाज तर चारी बाजूंनी येत होता. वल्हवायचं कुठे?

"खडकार आपटलो तर संपलो," भावोजी म्हणाले. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो.

आणि — धडाम्! एकदाच. थेट छातीत बसला तो आवाज.

"आयकलात?" मी ओरडलो.

"आयकलंय."

त्या दिशेला जिवाच्या आकांतानं वल्हवत सुटलो ते नेमके आमच्याच धक्क्याला लागलो.

धुकं बघून धावत आलेली सुमन तोफेपाशी उभी होती. "आवाज खंयसून इलो गे?" मी विचारलं.

"कसलो आवाज?" धक्क्यावरच्या कुणीच काही ऐकलं नव्हतं. "मी आज्यार हात ठेवन सांगी होतंय, दोघांकय घराक घेवन ये म्हणान. आणि दादा... आजो हाललो. खालसून धक्को दिल्यासारखो." तिनं उजवा हात पुढे केला. "बघ, अजून झिणझिणता."

मी तोफेकडे वळून पाहिलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

इंजिन मी त्याच दुपारी खोललं. इंधनात पाणी गेलेलं. ते कारण सापडलं. तोफेचं मात्र अजून सापडलेलं नाही. चार माणसांनी जोर लावला तरी ती तसूभर हलत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय.

परवा सुमनकडे जेवायला गेलो होतो. होडीत बसायचंही नव्हतं. तरी परत निघताना धक्क्यावर गेलो, तोफेवर हात ठेवला आणि म्हटलं, "आज्या, येतंय."