भुईला टेकलेला हात

अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आणला, तशी अमरावतीत ज्याला त्याला भिंतीवर लक्ष्मी हवी झाली. देवीदास चितारी लक्ष्म्या काढून काढून असा ताठला, की कुणाला काही विचारणं त्याला कमीपणाचं वाटे.

हाच ताठा नडला. सहदेवगीर गोसाव्याने भोट देशातून, म्हणजे तिबेटातून, आणलेला बुद्धाचा कापडी पट त्याच्याकडे दुरुस्तीला आला होता. ओलीने उजवा हात कोपरापासून खाल्ला होता. अकोल्याच्या मठात गोसाव्याचे गुरू अखेरच्या घटका मोजत होते आणि त्यांना डोळे मिटण्याआधी हा पट पाहायचा होता. गोसावी दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायला येणार होता. बुद्ध म्हणजे आपलाच नववा अवतार, त्यात विचारायचं काय? देवीदासने छातीपाशी अभय देणारा हात रंगवून टाकला.

सकाळी त्याची बायको गोदाबाई भाकर घेऊन आली आणि पटापुढे थबकली. गुडघ्याखाली, आसनावर, जुन्या रंगात चार बोटांची टोकं उरली होती.

“हात वर हाये, तं हे बोटं कोनाचे?”

मूळ हात खाली भुईला टेकलेला होता, हे देवीदासला आता कळलं. पण बोटं बुजवली तर कुणाला कळणार होतं? त्याने कुंचला आसनाच्या हिरव्या रंगात बुडवलासुद्धा.

“बांधाच्या भांडनात आपन काळ्या मायले हात लावून खरं सांगतो,” गोदाबाई म्हणाली. “हा देव बी तेच करून राहिला. त्याची शपथ बुजवता तुमी?”

त्याने कुंचला ठेवला. ओल्या कापसाच्या बोळ्याने तो छातीवरचा ताजा रंग टिपू लागला. सरसात कालवलेला, पाण्याने सुटणारा रंग तो. जरा जोर झाला तर खालचं जुनं वस्त्रही निघून येणार. तिसऱ्या बोळ्यावर जुना तांबडा उतरला. देवीदास घाबरला, पण थांबायला वेळ नव्हता. ऊन डोक्यावर येईतो त्याने नवा हात खाली उतरवून त्या चार बोटांना जोडला.

सहदेवगीर आला. हात पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. याच हाताने तर भगवंतांनी आपल्या ज्ञानप्राप्तीच्या साक्षीला भुईला बोलावलं, गुरू आधी हाच हात बघतील, असं तो सांगत राहिला. छातीवरचा फिका डाग त्याला दिसला नव्हता. गप्प राहिलं की सुटलं.

देवीदास खाली वाकला आणि त्याने जमिनीला हात लावला.

“महाराज, छातीवर डाग हाये, तो माह्या चुकीचा. मी आधी हात वर काढला होता. तुमाले इचारलं नाही.”

गोसाव्याने वाकून डाग पाहिला. मग चित्रातला हात पाहिला, मग जमिनीवरचा.

“आता चित्र पुरं झालं,” तो म्हणाला आणि पट गुंडाळू लागला.