उजळ न केलेला चेहरा

गुलाबदादाचा फोन आला तेव्हा मी लाखनीला शाळेच्या ऑफिसात दाखले टाइप करत होते. "माय गेली वो," एवढंच म्हणाला. मागून बायकांचा आवाज येत होता. मी खुर्ची मागे सारून उठले, पर्स शोधू लागले, तेवढ्यात तो पुन्हा बोलला, "तुह्याजवळ मायचा फोटो हाय का? तेरवीच्या बॅनरले लागते." मी म्हटलं, "फोटो नाही दादा, चित्रं हायेत. चाळीसेक असतीन." तर तो म्हणाला, "चित्रं नोको. फोटो पायजे. लोक येतीन ना घरी." त्याची माय गेली होती, तेव्हा त्याच्याशी वाद घालायची ती वेळ नव्हती. पण ते वाक्य मला लागलं, ते लपवत नाही. पाच वर्षं मी ज्या बाईला बघून चित्र काढायला शिकले, तिच्याच तेरवीत माझं चित्र चालणार नव्हतं.

पार्बता तिचं नाव. बाबांच्या थोरल्या भावाची, माझ्या मोठ्या बाबांची बायको, म्हणून माझी मोठमाय. आधार कार्डावरचा सोडला तर तिचा एकही फोटो नव्हता, आणि त्या फोटोत ती कोणीतरी पकडून आणल्यासारखी दिसते. फोटो का नव्हता हे सांगायचं तर आमच्या एकोडीच्या घराचंच सांगावं लागेल. दोन भावांत दोन खोल्या आणि एक चूल. शेत म्हणावं तर एक चिरोटी, तिच्यातला भात वर्षभर पुरला असं मी तरी कधी पाहिलं नाही. मोठे बाबा गेले तेव्हा गुलाबदादा सातवीत होता. तेव्हापासून मोठमाय पावसाळ्यात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या बायकांसोबत दुसऱ्यांच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, दिवाळीच्या आसपास कापणीला, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. अशा बाईचा फोटो कोण काढणार, आणि कुठं उभी करून? माझ्या आईबाबांच्या लग्नाचा अल्बम आहे, त्यात एका फोटोच्या कडेला परात धरलेला एक हात दिसतो. तो मोठमायचा आहे. मी तो बोटांवरून ओळखते.

बारावीच्या वर्षी बाबा म्हणाले की या पावसाळ्यात पोट्टीलाही रोवणीला न्यावं, दोन हात जास्त होतील. मोठमाय चुलीजवळ सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तिची पात मी धरतो. तिले बसू दे." आणि तिनं खरंच तसं केलं. स्वतःची पात आणि माझीही, दोघींच्या वाट्याचा चिखल एकटीनं. मी घरात पुस्तक घेऊन बसले. बारावी झाले, साकोलीला कॉलेजात गेले, बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी मोठ्यानं सांगते. काही लोकांना तो गर्व वाटतो. वाटू दे.

चित्रांचं वेड कॉलेजात लागलं. क्लास ऑनलाइन झाले म्हणून बाबांनी जुना फोन घेऊन दिला. आमच्याकडे रेंज इतकी बेभरवशाची की सर अर्ध्या वाक्यात गोठून जायचे, आणि ते परत हलेपर्यंत मी बोटानं स्क्रीनवर काहीबाही गिरवायची. मग एक फुकटचं ॲप मिळालं, मग दुसरं. इंटरनेटवर बघून बघून शिकले आणि जे बघितलं तेच काढू लागले. मोठे मोठे डोळे, टोकदार हनुवटी, उडणारे केस. पहिल्यांदा मोठमायला काढलं तेही तसंच. कपाळावरचं गोंदण मला नीट जमेना म्हणून वगळलं, आणि रंग... ॲपमध्ये त्वचेसाठी दिलेले सगळेच रंग फिके होते, त्यातला एक उचलला. मोठ्या हौसेनं तिला दाखवायला नेलं. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला. "हे कोन होय वो?" म्हणाली. मी म्हटलं, "तू होय." त्यावर ती अशी हसली की तिला ठसका लागला. "मी एवढी गोरी असती तं तुह्या मोठ्या बाबानं मले बांधीत धाडलं असतं का? पलंगावर बसवून ठेवलं असतं." मला राग आला. चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तीच आली, म्हणाली, "गोरी बाई पुरी झाली का? आता मले काढ."

तिला चित्र दाखवायचं म्हणजे एक कामच असे. बोटं इतकी निबर झाली होती की स्क्रीनला तिचा स्पर्शच कळायचा नाही. ती दाबायची, घासायची, फोन ढिम्म. मग बोट वाकवून मागच्या सांध्यानं टकटक करायची, दारावर करावी तशी. "उघड ना बाप्पा," असं फोनला म्हणायची. आणि एकदा चित्र मोठं झालं की मग कसली सुटका नाही. हा कान असा नाही. ही बांगडी इथं बसत नाही. बैल असा उभा राहिला तर पडेल. इंटरनेटवरचे लोक माझ्या चित्राखाली लाल बदाम टाकून पुढं जात. ही एक बाई थांबून बघायची.

माझी सगळ्यात मोठी फजिती झाली ती रोवणीच्या चित्रानं. पदवीचा निकाल लागला होता, पावसाळा होता, आणि मी मनापासून एक चित्र काढलं. सात-आठ बायका रांगेत वाकलेल्या, मागे ढग, त्यांच्या पुढ्यात रोवलेले हिरवेगार पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, दूरवर पसरलेले आणि प्रत्येकीचं एक पाऊल त्यांतच पुढं पडलेलं. माझ्या पेजवर तोवर कशालाच इतके लोक आले नव्हते. पुण्यामुंबईचे लोक लिहीत होते, किती खरं, मातीचा वास आला. मी ते मोठमायला वाचून दाखवलं. तिनं सांध्यानं टकटक केली, चित्र मोठं केलं आणि विचारलं, "ह्या बाया रोवलेलं तुडवत चालल्या काय?"

मला काही कळेना. ती म्हणाली, "अवो, रोवणी मांगं मांगं सरकत करते. रोवलेलं पुढं राहाते अन् आपुन मांगं येतो. तुह्या बाया तं पऱ्ह्यात तोंड करून पुढं चालल्या. सारी बांधी सत्यानास केली यायनं." एकोडीची पोरगी मी, भाताच्या गावात जन्मलेली, आणि मला हे ठाऊक नव्हतं! मी रस्त्यावरून रोवणी हजारदा पाहिली होती. पण बांधीत उतरले नव्हते, कारण माझी पात दुसरं कोणी धरत होतं. हे लक्षात आलं तेव्हा हसू की रडू असं झालं. मातीचा वास आलेल्या त्या शेकडो लोकांपैकी एकालाही चूक दिसली नव्हती. मी चित्र काढून टाकलं. मैत्रिणी म्हणाल्या वेडी आहेस, एवढं चाललेलं चित्र कोणी काढून टाकतं का? मी काढून टाकलं. खोटं चित्र चाललं म्हणून खरं होत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठमाय म्हणाली, "चाल, उतर." गेले. सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात पाय टाकला. बायकांना तर आयतंच सापडलं. "बापा बापा, बी.ए. रोवाले आली!" एकीनं म्हटलं, "नोकरी नाही भेटली काय वो पोट्टे?" माझे कान गरम झाले. मोठमाय कमरेत वाकलेली होती, तशीच मान तिरपी करून म्हणाली, "रोवाले नाही आली ते. पाहाले आली. तुमाले आजपावतर कोन आलं पाहाले?" मग तिच्या शेजारच्या पातीवरची सुभद्रा, तिची तीस वर्षांपासूनची जोडीदारीण, पदर सारखा करत म्हणाली, "मंग मले बी काढजो. पण बारीक काढजो थोडी." केवढ्या हसल्या सगळ्या...

त्या दिवसापासून मी शिकले असं मी मानते. अंगठा आणि दोन बोटांनी पऱ्हा चिखलात कसा सोडतात ते मी तिचा हात बघून काढलं, तीसेकदा चुकून. वाकलेल्या पाठीला आकार असतो तसं वजनही असतं, हे कळलं. आणि रंग. ॲपमध्ये नसलेला तो रंग मी स्वतः तयार केला, तपकिरीत थोडा जांभळा, उन्हाच्या बाजूला तांबूस, आणि जपून ठेवला. घरच्यांचं चालूच होतं. "यातून काय भेटते?" हे मला मामांनी विचारलं, पाहायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं. काही भेटत नाही. मी नोकरी करते आणि संध्याकाळी चित्र काढते. गावात कोणी भजनाला जातं, कोणी दंडारीत नाचतं, त्यांना कोणी विचारत नाही. पोरीनं हौस केली की मात्र हिशेब मागतात. मोठमायनं एकदाही विचारलं नाही. ती फक्त विचारायची, "आज काय काढलं?"

यंदा पोळ्याच्या सुमारास तिला उठवेनासं झालं. छपरीत भिंतीला टेकून बसायची. मी दर रविवारी लाखनीहून जायची. एकदा म्हणाली, "आता काढ. हालत नाही मी, बरं होईन तुले." मी फोन काढला. तिनं पदर ओढून घेतला, पडलेला दात झाकायला ओठ मिटले, आणि लगेच स्वतःच ओठ सोडले. "हे मी मेल्यावर बी राहीन का तुह्या फोनात?" मी म्हटलं, राहील. "मंग दात नोको लपवू. खर्रा बी राहू दे तोंडात. जशी हावो तशी ठेव." मी तीन रविवार ते चित्र काढलं. चौथ्या रविवारी तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. या वेळी एकही चूक काढली नाही... आणि मला तेच आवडलं नाही.

तेरवीला दारात बॅनर लागला होता. आधार कार्डावरचा चेहरा उचलून दुसऱ्याच कोण्या बाईच्या भरजरी साडीवर बसवलेला. गाल गुलाबी. कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलेलं. दादा पाहुण्यांना बसवत होता, पाणी देत होता, डोळे सुजलेले होते. तेवढ्यात सुभद्रामावशी आली, काठी टेकत. बॅनरसमोर थांबली. खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गुलाब, आज दोघीची तेरवी हाय काय?" तिनं विचारलं. "हे बाई कोन होय?"

दादा म्हणाला, "माय होय ना, मावशी. तुह्ये डोरे गेले आता."

"डोरे गेले रे, पण इतके नाही गेले. तीस वर्स तिच्या बाजूनं वाकून काढले मी." आणि ती तिथंच खाली बसली आणि रडू लागली.

दादा घरामागं निघून गेला. मी मागोमाग गेले. तो तणसीच्या ढिगाला टेकून उभा होता. म्हणाला, "मले तिले चांगलं दाखवाचं होतं. जिंदगीभर लोकाइनं तिले चिखलातच पाह्यलं." मी म्हटलं, "दादा, चिखलाची लाज तिले नव्हती. आपल्याले काहून असावी? तिच्या त्या चिखलानं मी शिकली, तू मोठा झाला." "लोक म्हनतीन, पोरानं मायले कारी दाखवली." "कारीच होती ते. अन् सुंदर होती." त्यानं हात पुढं केला. मग म्हणाला, "दाखव तुहं."

मी फोन दिला. त्यानं पाहिलं. गोंदण पाहिलं, पडलेला दात पाहिला, खालच्या ओठाचा फुगवटा पाहिला. "खर्रा बी ठेवला का वो?" म्हणाला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. बॅनर त्यानं स्वतःच उतरवला, घडी करून आत नेऊन ठेवला. मला म्हणाला, "छापून आन. मोठा."

दुसऱ्या दिवशी मी लाखनीत हायवेवरच्या दुकानात गेले. मशीनवरच्या माणसानं चित्र स्क्रीनवर उघडलं आणि सवयीनं म्हणाला, "थोडं उजळ करून देऊ का मॅडम? सगळेच करतात." मी म्हटलं, "करू नका." तो म्हणाला, "प्रिंटमध्ये डार्क दिसेल." मी म्हटलं, "दिसू द्या." बाहेर ट्रक जात होते, काचा थरथरत होत्या. कागद मशीनमधून हळूहळू बाहेर येत होता... आधी कपाळ, गोंदण, मग डोळे. तो पूर्ण बाहेर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

आता एकोडीला आमच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर मोठमाय दिसते. येणारे जाणारे तिला ओळखतात. सुभद्रामावशी परवा आली होती, समोर बसून खर्रा घोटला आणि चित्राकडं बघत खाल्ला. दादा चित्राला हार घालू देत नाही, चेहरा झाकला जातो म्हणतो. मी शाळेच्या ऑफिसात काम करते आणि चित्रं हौसेनं काढते. माझ्या मोठमायचा चेहरा होता तसा मी काढला, आणि तो आमच्या घरात लागला आहे.