तीन प्रतींतला यमन

माझे सासरे, नाना, रविवारी जावयाला जेवायला नव्हे, ऐकायला बोलवत. जेवण मिळे, पण निकाल दिल्यावर. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या हॉलमध्ये मला भिंतीकडे तोंड करून बसवत आणि पाठीमागे एकाच बाईंचा एकच यमन तीनदा वाजवत. आधी तरुणपणी घेतलेली मूळ रेकॉर्ड, मग माझ्या साडूंनी परदेशातून आणलेली, तीच नव्याने काढलेली रेकॉर्ड आणि शेवटी सीडी. "सुधीरराव, कान द्या. मत नंतर द्या."

आठवडाभर ऑफिस करून शिणलेला माणूस मी. भिंतीकडे तोंड केलं की डोळे आपोआप मिटत. नाना त्याला तल्लीनता समजत. माझं उत्तर ठरलेलं असे, "दुसरी बरी वाटली." दुसरीच्या वेळेला सासूबाई कांदा परतायला घेत, एवढाच त्याचा आधार.

परीक्षेला कारण होतं. कपाट भरलं होतं, वसईच्या दमट हवेत रेकॉर्डींना बुरशी धरत होती, आणि सासूबाईंनी बजावलं होतं की एकाच गाण्याच्या तीन-तीन वस्तू घरात राहणार नाहीत. नानांची कसोटी एकच होती: बाईंच्या मागे तानपुऱ्याची झणझण कशात ऐकू येते.

पहिल्यांदा सीडी बाद झाली. "इस्त्रीचा सदरा आहे नुसता. खरखर काढताना यांनी तानपुराही केरात टाकलाय." पुढे काही महिन्यांनी नवी रेकॉर्ड गेली. "थोरल्याचा कोट धाकट्याला घातलाय. तानपुरा नाही." मग सुई बदलली. विरारहून मेकॅनिक आला, त्याने स्पीकर उघडला, पुन्हा बंद केला, चहा घेतला आणि सगळं ठीक आहे म्हणून निघून गेला.

एका रविवारी तिन्ही पुन्हा वाजवून झाल्यावर नानांनी मूळ रेकॉर्ड परत लावली आणि उठून स्पीकरलाच कान लावला. मी मान वळवली.

"सुधीरराव, यात तानपुरा आहे?"

मला तो, जन्मात पहिल्यांदाच, स्वच्छ ऐकू येत होता. मी हो म्हटलं.

"तिन्हींत?"

"तिन्हींत."

नानांनी सुई उचलली. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "दाराची बेल तुम्हाला ऐकू येत नाही, हे वर्षभर सांगतेय. पण तेही ऐकू आलं नसेल."

डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं. त्यातून बाई पत्र्याच्या डब्यात बसून गातात, म्हणून नानांनी ते खणात टाकलं. रविवारच्या परीक्षा थांबल्या. मी सुटलो, पण सुटल्यासारखं काही वाटेना. निवड मात्र नानांनी केली, मला न विचारता. सीडी आणि नवी रेकॉर्ड साडूंकडे गेली. आता काय फरक पडतो, असं मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, तर म्हणाले, "सीडी मशीनच्या पोटात जाते. ही डोळ्यांसमोर फिरते. आणि नवीवर माझे ओरखडे कुठे आहेत? हा ओरखडा आला की बाई अंतऱ्याला जातात."

त्यांच्या शेवटच्या वर्षातली एक संध्याकाळ. मी गेलो तेव्हा नाना रेकॉर्डवर नजर लावून बसले होते, ती फिरत होती, सुई टेकलेली होती आणि हॉलमध्ये आवाज नव्हता. अँप्लिफायरचा दिवा बंद होता. चालू करायचाच राहिला असावा. मी बटणाकडे हात नेला, तर सासूबाईंनी लसूण सोलता सोलता मानेनेच नको म्हटलं. मी त्यांच्याशेजारी बसलो.

थोड्या वेळाने नानांनी मांडीवर थाप दिली. "वा," म्हणाले.

"बरोबर समेवर," सासूबाई म्हणाल्या. गाण्यातलं त्यांना काही कळतं, असं त्या घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. पुढची पाकळी सोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "बसा तुम्ही. आता बाजू संपेल."

आणि नाना रेकॉर्ड पलटायला उठले.