गोड ताडीवर झिंगलेला जावई

न पिणाऱ्या माणसाने दारूवरचे सिनेमे पाहू नयेत. पिणाऱ्याला त्यातलं खोटं लगेच कळतं. आमच्यासारखा कोरडा माणूस मात्र सगळं खरं धरून बसतो, आणि मग भर सकाळी सासुरवाडीच्या अंगणात तोंडावर आपटतो.

मी मूळचा घाटावरचा. तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून बोईसरला आलो आणि चिंचणीच्या एका चिकूच्या वाडीवाल्याचा जावई झालो. सगळं बरं चाललं होतं. मग एका रविवारी आम्ही दोघं सिनेमाला गेलो.

सिनेमातला नवरा थोर चित्रकार होता आणि त्याहून थोर बेवडा. तो बाटली तोंडाला लावायचा, लगेच बाहेर वीज कडाडायची, मागे व्हायोलिन वाजायचं. बायको त्याचे बूट काढायची, अंगावर पांघरूण घालायची आणि खिडकीपाशी जाऊन रडायची, तेही काजळ न फिसकटता. मी रुमाल पिळून काढला.

बाहेर पाणीपुरीच्या गाडीवर बायको म्हणाली, "त्याला दोन कानाखाली द्यायला हव्या होत्या."

"अगं, त्याचं दुःख किती खोल होतं!"

"आणि तिचं?"

"तिचं काय? तिला नुसते बूट तर काढायचे होते."

तिने हातातली पुरी परत ताटलीत ठेवली. पाणीपुरी अर्धी टाकणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. तिथेच मला कळायला हवं होतं, पण मी तिची पुरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. मला वाटलं, रुसवा आहे, उतरेल. फोन केला तर शांतपणे म्हणाली, "मला इतक्यात नाही यायचं." पुढच्या रविवारीही तेच, तितकंच शांतपणे. आरडाओरडा केला असता तर मी निर्धास्त झोपलो असतो. त्या शांतपणाने मात्र धडकी भरली, की ही बाई खरंच येणार नाही आणि आपला संसार एका चित्रकारापायी मोडणार.

शहाण्या माणसाने जाऊन सरळ माफी मागितली असती. मी उपाय त्याच सिनेमात शोधला. त्यात नायक पिऊन सासरच्या दारात उभा राहतो, मनातलं ओरडून सांगतो आणि बायको धावत येते. धावत येते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

थंडीचे दिवस होते. सकाळीच स्कूटर काढली. चिंचणीच्या अलीकडे ताडाखाली एक मावशी मडकं घेऊन बसली होती.

"मावशी, ताडी द्या."

"सकालची हाय, आताच उतरवली. गोड हाय."

"गोड काय, कडू काय, आता आपल्याला सगळं सारखंच," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

मावशीने मला खालून वर न्याहाळलं. "किती देऊ?"

"दुःख बुडेल एवढी."

"तांब्याभर घ्या. सवय नसंल तर पोट जातं."

सिनेमात कुठल्याच नायकाचं पोट गेलेलं मी पाहिलं नव्हतं. मी दोन तांबे प्यालो. दुसऱ्या तांब्याला डोळे जड झाले, जीभ वळेना, ताड हलायला लागले. (वारा होता, हे नंतर कळलं.) पिऊन गाडी चालवणं गुन्हा, म्हणून मी स्कूटर ढकलत सासुरवाडीपर्यंत नेली. एवढा कायदा पाळणारा बेवडा चिंचणीने पाहिला नसेल.

अंगणात पोचताच मी खांबाला मिठी मारली, बायकोच्या नावाने हाक घातली आणि एक गाणंही सुरू केलं. ती बाहेर आली, पण धावत नाही.

सासूबाईंनी आधी माझ्या हातातली स्कूटरची किल्ली काढून घेतली. बायकोने ओटीवरचा काचेचा कंदील उचलून आत ठेवला, कोपऱ्यातला कोयता उचलला, शेजारच्या बाजूची खिडकी लावून घेतली. दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. कुणी काय उचलायचं, हे जणू कधीचं ठरलेलं होतं. सासरे दाराशी उभे होते, जमिनीकडे बघत.

माझं गाणं पहिल्याच कडव्यात बसलं. या घरात हे पूर्वी घडलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा, हे माझ्यासारख्या दगडालाही कळलं.

सासरे पुढे आले. माझ्या तोंडाशी नाक आणून त्यांनी वास घेतला, आणि मग गडगडून हसले.

"अगं, ही तर सकालची, आंबायच्या आधीची! पोरांना पाजतो आमी ही. जावई, तुमी नाय झिंगले."

"मग ताड का हलत होते?" मी विचारलं.

"आनि काय रं बाबा," सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पिनारा मानूस असा खांब धरून गातो होय? पिनारा तर अगदी नीट चालतो, शहाण्यासारखा बोलतो. 'मी नाय घेतली' म्हनतो. तवाच तर कलतं."

सासरे कान खाजवत वाडीकडे निघून गेले.

मला बायकोशी बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि पोटात असा गडगडाट झाला की मी परसदारी धूम ठोकली. माफी शेवटी संडासात बसून, बंद दाराआडून मागावी लागली. चारचौघांत मला 'अहो' म्हणणारी बायको बाहेरून म्हणाली, "मोठ्याने बोल, ऐकू येत नाही."

"चुकलो! मला माहीत नव्हतं!"

"विचारलं होतंस?"

"नाही!"

"आता विचारशील?"

"विचारीन! पाण्याची बादली आण!"

मग बादली आली. आणि दाराबाहेरून ती म्हणाली, "येते मी आज. पण गाडी मी चालवणार. तू प्यायलायस."

तसे आम्ही निघालो, ती पुढे आणि मी मागे, पोट धरून. तारापूर मागे पडल्यावर ती आपणहून बोलायला लागली. बाबा पिऊन आले की आई तिला चिकूच्या झाडाखाली अभ्यासाला कशी पाठवायची, आत काय चाललंय हे कळू नये म्हणून ती पाढे किती मोठ्याने म्हणायची, त्यांनी सोडल्यावरही कितीतरी दिवस रोज संध्याकाळी आई कंदील आत का ठेवायची. लग्नाला इतका काळ झाला, यातलं एक वाक्य मी ऐकलं नव्हतं. एरवी मी मध्येच सल्ला दिला असता, निदान एखादा विनोद तरी केला असता. पण पोटात अशी कळ होती की दात आवळून गप्प बसणं एवढंच जमत होतं.

कारखान्यांची धुराडी दिसायला लागली तेव्हा तिने वेग कमी केला.

"थांबू का कुठे?"

थांबायला हवं होतं. फार हवं होतं.

"नको," मी म्हणालो. "तू बोल."