तळमजल्यावर खोली आहे का?

सहलीहून परत आलेला माणूस सुरुवातीला खोटंच बोलतो. "खूप मजा आली! एकदा तरी जायलाच पाहिजे!" असं गल्लीभर सांगत फिरतो. पैसे गेलेले असतात, फोटोचा रोल धुवायला टाकलेला असतो. कबूल कसं करणार? मग काही दिवसांनी चहा पिता पिता तोच म्हणतो, "तसं बघायला तिथं काही नाही हो." की लगेच दुसरा सरसावतो, "आमच्या वेळचं ऐका!" आमच्या स्टाफरूममध्ये हे असलं इतकं साचलंय की पोर्शन मागे पडतो, पण किस्से संपत नाहीत.

स्टाफरूम म्हणजे लातुरातल्या आमच्या क्लासची. आम्ही तिघांनी मिळून काढलेला क्लास. फिजिक्सला धर्माधिकारी सर, मॅथ्सला वाघमारे सर आणि बायोलॉजीला मी. दरवर्षी आपापल्या बायकांना घेऊन एकाच जीपमधून आम्ही ट्रिपला जायचो आणि दरवर्षी तोंड पाडून परत यायचो.

त्याचं एक कारण सुट्टी. क्लासवाल्याला सुट्टी मिळते ती सीईटी उरकल्यावर आणि नवी बॅच भरण्याआधी, म्हणजे जूनच्या तोंडावर. तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी धुकं येऊन बसलेलं असतं आणि धबधब्याला पाणी यायचं बाकी असतं. दोन्हीकडून मेलो!

दुसरं कारण भूकंप.

* * *

भूकंपानंतर सगळ्यात आधी निराशा झाली ती पाहुण्यांची. माझा पुण्याचा आतेभाऊ "मदत करायला" म्हणून आला. गळ्यात कॅमेरा. मी आणि वाघमारे सर त्याला स्टँडवर घ्यायला गेलो. रिक्षातून तो डावीकडे बघतोय, उजवीकडे बघतोय आणि चेहरा उतरत चाललाय. शेवटी त्याला राहवेना.

"अरे, इथं तर सगळं उभंच आहे!"

वाघमारे सर जळकोटचे. जिभेला हाड नाही. म्हणाले, "चुकलंच साहेब आमचं. पुढच्या टायमाला निघायच्या आधी फोन करा, पाडून ठेवतो!"

आतेभाऊ दुसऱ्याच दिवशी परत गेला.

लातूर उभं होतं हे खरंच. पण औशाच्या पलीकडची गावं उरली नव्हती आणि धर्माधिकारी वहिनींचं माहेर तिकडचं. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं धाबं. त्या पहाटे त्या घरात त्यांची आई गेली. तेव्हापासून वहिनी स्लॅबखाली झोपायच्या नाहीत. लातुरातलं त्यांचं घर चांगलं सिमेंटचं, कुठं तडासुद्धा नाही. वहिनी दिवसा घरात वावरायच्या, स्वयंपाक करायच्या, पण अंग टाकायचं ते अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच. वरच्या मजल्याचं तर नाव काढायचं नाही. सुरुवातीला अख्खं लातूरच बाहेर झोपत होतं. हळूहळू सगळे आत गेले. वहिनी राहिल्या आणि त्यांच्यासोबत सरही राहिले.

सरांना एकच ध्यास होता. वहिनींना एकदा तरी पक्क्या छताखाली निवांत झोप लागावी. "गाव बदललं की लागेल झोप," असं ते म्हणायचे. ट्रिपा सगळ्या त्यासाठी. आम्ही आपले सोबतीला.

* * *

पहिली ट्रिप महाबळेश्वर. सरांनी हौसेनं चांगलं हॉटेल गाठलं. मॅनेजर हसून म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर रूम देतो सर, व्हॅली व्ह्यू!"

आम्ही सगळे एकदम म्हणालो, "तळमजल्यावर खोली आहे का?"

मॅनेजर गडबडला. "सर, लोक जास्तीचे पैसे देऊन वर जातात."

"जाऊ द्या त्यांना. दार कुठल्या बाजूला उघडतं?" माझ्या बायकोनं विचारलं.

"भिंत विटांची हाय का दगडाची?" हे वाघमारे सर.

"आणि पलंगाच्या वर माळा नाही ना?" हे मी.

त्यानं आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही दरोड्याची पाहणी करायला आलोय. शेवटी स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोल्या दिल्या. खिडकी उघडली की समोर गॅसच्या टाक्या! खोल्या बघून वहिनी जीपमध्ये जाऊन आडव्या झाल्या. जीपचं छत ताडपत्रीचं. "पडलं तरी लागत नाही," म्हणाल्या. सरांनी एवढं भाडं भरून खोली घेतली ती आमच्या बॅगांनी उपभोगली.

सकाळी पॉइंटवर गेलो. पांढरं फटक. गाइड हात करून सांगतोय, "समोर दरी, पलीकडे किल्ला, खाली नदी." आम्हाला गाइडचा हातसुद्धा नीट दिसेना.

वाघमारे सर वैतागून म्हणाले, "हेच बघायचं होतं तर वर्गात डस्टर झटकून दाखवलं असतं की!"

* * *

ट्रिपमध्ये दुसरा वैताग म्हणजे सरांचं ज्ञान. घाट लागला की सेंट्रिपेटल फोर्स. ढग दिसला की कंडेन्सेशन. बरं, सरांचा आवाज एकाच पट्टीतला, ना वर ना खाली. पेटीच्या भात्यातून नुसतीच हवा सोडल्यासारखा. शिकवण्यात खोट काढायला जागा नाही, पण दुपारच्या बॅचला अर्धी पोरं बाकावर डुलत असतात.

महाबळेश्वरहून परत येताना सर पुढच्या सीटवर बसून ब्रेकचं घर्षण समजावून सांगत होते. मागे वहिनी केव्हाच पेंगल्या होत्या, आम्हीही त्याच वाटेवर होतो. आणि अचानक ड्रायव्हरनं गाडी कडेला घेऊन उभी केली. खाली उतरला, तोंडावर पाणी मारलं आणि हात जोडले.

"सर, पाया पडतो. गाडी चालू असताना तुम्ही बोलू नका. मला डुलकी येऊन राहिली!"

सर सोलापूरपर्यंत रुसून बसले.

* * *

पुढच्या वर्षी नांदेडच्या माझ्या साडूंनी बोलावलं. साडूंना आपल्या जिल्ह्याचा भारी अभिमान. "खामखा लांब कशाला जाता? सहस्रकुंडाचा धबधबा बघा, आवाजानं कान बसतात!"

गेलो. उन्हानं डोकं फुटायची वेळ. जीपमधून उतरलो आणि बघतो तर काळेकभिन्न खडक. खाली एका डबक्यात म्हैस निवांत बसलेली. आवाज म्हणाल तर तिच्या शेपटीचा.

साडू जराही डगमगले नाहीत. "पावसाळ्यात या, लई पाणी असतं!"

वाघमारे सर म्हणाले, "पावसाळ्यात आमच्या गल्लीत पण लई असतं!"

साडूंना ते लागलं. भरपाई म्हणून त्यांनी आम्हाला अर्धापूरला नेलं, केळीच्या बागा बघायला. एक बाग बघितली. दुसरी बघितली. तीही तशीच होती. तिसऱ्या बागेपाशी कुणी जीपमधून उतरलंच नाही. धर्माधिकारी सर तेवढे उतरले आणि साडूंना केशाकर्षण शिकवू लागले. साडूंनी पुन्हा कधी आम्हाला बोलावलं नाही.

* * *

अजिंठ्याला नेलं ते वाघमारे सरांनी. त्यांच्यासाठी ती नुसती ट्रिप नव्हती. घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी अजिंठ्याच्या बुद्धाचं कॅलेंडर. लहानपणापासून ऐकलेलं, पण जाणं झालेलं नव्हतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

आणि आम्ही लेण्याच्या दारात जाऊन थांबलो. लोक भिंतींवरची चित्रं बघत होते. आम्ही छताकडे बघत होतो.

"केवढा डोंगर आहे हो वर," माझी बायको म्हणाली. धर्माधिकारी सरांनी लगेच खडकाचं वजन काढायला घेतलं. मग तर कुणाचं पाऊल पुढं पडेना.

गाइड वैतागला. वहिनींना म्हणाला, "बाई, शेकडो वर्षं उभं आहे हे. आजच पडणार आहे का?"

वहिनी म्हणाल्या, "आमचं घर पण आजोबांच्या आजोबांपासून उभंच होतं."

गाइड दुसऱ्या लोकांकडे वळला. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसून शेंगदाणे खाल्ले. वाघमारे सर एकटे आत गेले. पुष्कळ वेळानं आले ते डोळे पुसत आणि आमच्यावर डाफरत. "लेणी बघायला आलता का शेंगा सोलायला? आन् वजन कशाला काढून राहिले होते तुम्ही?" जीपमध्ये मात्र स्वतःहून वहिनींच्या शेजारची खिडकी उघडून दिली. बाकी कुणाशी लातूर येईपर्यंत बोलले नाहीत.

* * *

आता आमच्यावरच उलटलेला किस्सा. पुढं लातूरच प्रेक्षणीय स्थळ झालं! मेरिट लिस्टमध्ये पोरं चमकायला लागली आणि कुठून कुठून पालक यायला लागले. आमचा क्लास तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये. भूकंपानंतर पालकांचा पहिला प्रश्न असायचा, "वर स्लॅब आहे का पत्रा?" पत्रा म्हटलं की ॲडमिशन पक्की. म्हणून पत्रा. उन्हाळ्यात आत पोरं भाजून निघायची.

एकदा नाशिककडचं एक जोडपं मुलीला घेऊन आलं. गृहस्थ सफारीत. शेडपुढं उभं राहून मलाच विचारतात, "तो प्रसिद्ध क्लास कुठे आहे?"

"हाच."

"हा नव्हे हो, मुख्य क्लास."

"हाच मुख्य."

त्यांच्या बाईंनी आत डोकावून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपल्या गोठ्याला पण फरशी आहे!"

फार लागलं आम्हाला. इमानेइतबारे बिल्डिंग बांधली. तळमजला, वर दोन मजले, टाइल्स, पंखे, सगळा इंतजाम. त्या वर्षी बांधकामापायी ट्रिपसुद्धा झाली नाही. आणि नव्या बिल्डिंगमध्ये आलेला पहिला पालक काय म्हणाला असेल?

"पत्र्यातली बॅच कुठं भरते? पाव्हण्यानं सांगितलंय, पत्र्यातलीच घ्या. निकाल तिथलाच हाय!"

त्याला नाना परीनं समजावलं. पटेना. त्याच्या मागचाही तेच म्हणाला. वाघमारे सर बेजार होऊन ओरडले, "मग स्लॅबवर पत्रा ठोकू का आता?"

समोरच्या नव्या क्लासवाल्यानं मात्र तोवर रिकाम्या प्लॉटवर शेड मारली आणि बोर्ड लावला, "पत्र्यातली स्पेशल बॅच." फुल्ल झाली हो!

* * *

धर्माधिकारी सरांचा हॉल या नव्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर होता. वहिनी दुपारी सरांचा डबा आणायच्या, पण गेटपाशीच थांबायच्या. वर बघून हाक मारायच्या, "अहो, डबा!" सर खाली येऊन घेऊन जायचे. सरांनी कितीदा म्हटलं, वर ये, हॉल तरी बघ. वहिनी आमच्या नव्या इमारतीकडे महाबळेश्वरच्या मॅनेजरनं आमच्याकडे बघितलं होतं तशा बघायच्या.

रिव्हिजनचे दिवस होते. सरांचा तास नेहमीसारखा लांबलेला. खाली वहिनी उन्हात उभ्या. एक हाक मारली, दुसरी मारली. सर वर बोलतच होते. तासाला उभे राहिले की त्यांना जग दिसत नाही. शेवटी वहिनींचा पारा चढला. "किती बोंबलायचं माणसानं!" म्हणत डबा घेऊन ताडताड जिना चढल्या, त्या थेट दुसऱ्या मजल्यावर. मी स्टाफरूमच्या दारातून बघतच राहिलो.

हॉलच्या दाराशी त्या थबकल्या. सर फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. तास मोडायला नको म्हणून वहिनी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टेकल्या. डबा मांडीवर.

पुढचा तास वाघमारे सरांचा. वाघमारे सर आपल्या तासातलं मिनिटही कुणाला देत नाहीत. स्वतःच्या साखरपुड्याला ते बॅच संपवून गेले होते. त्यांची पोरं जिन्यात खोळंबलेली, घंटा होऊन गेलेली आणि आत फिजिक्स चालूच. वाघमारे सर तरातरा निघाले, मी त्यांच्या मागे.

दारात पोहोचलो. शेवटच्या बाकावर वहिनी भिंतीला डोकं टेकवून गाढ झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं. डबा कलंडायला आलेला, तो शेजारच्या मुलीनं हळूच धरून ठेवलेला. वर पक्का स्लॅब.

धर्माधिकारी सर आमच्याकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तोच, एका पट्टीतला. धडा संपला होता, ते फळ्यावरून दिसतच होतं. फळा पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, "तर मुलांनो, मापन म्हणजे काय..."

पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, हे तर जूनमध्ये झालं."

सरांनी आवाज बदलला नाही. "माहीत आहे. लिहून घ्या."

सगळ्या हॉलनं माना खाली घालून लिहायला घेतलं.

 वाघमारे सर वळले, जिन्यातल्या आपल्या पोरांकडे गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आज गणित न्हाई. घरी जावा. आन् चपला हातात घेऊन उतरा रे!"