घरी बसल्याची मदत

भोंगवलीच्या गेनबाची बायको सगुणाबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली, ती बहात्तरच्या दुष्काळाआधी. डोक्यावर भरला हंडा होता. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. पुण्याच्या दवाखान्यात नेऊन आणलं, तिथंही डॉक्टरांनी हात टेकले. पदरी मूलबाळ नव्हतं. मग गेनबाच तिला कुशीवर वळवू लागला, धुऊ-पुसू लागला, लुगडं बदलू लागला. भाकरीही तोच थापायचा. आळीतल्या बाया आधी हसल्या, मग सवयीनं हसायच्या थांबल्या. मदतीला मात्र कुणी आलं नाही. ज्याला त्याला आपापला संसार होता.

रानात कामं होती तोवर कसंबसं भागलं. जवळच्या शिवारात खुरपायला जायचं, मधेच घरी येऊन तिला वळवायचं, परत जायचं. दुष्काळात रानं उघडी पडली. काम उरलं ते लांबच्या तलावावर, माती उपसायचं. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी. मधे उठून गेलं की दिवस बुडाला.

एकदा गेनबा गेला. उशाशी पाणी आणि भाकरी ठेवून गेला. दिवस मावळता आला तेव्हा सगुणाबाई ओल्या वाकळेवर तशीच पडून होती. पाठीला जखम झाली होती आणि जखमेला मुंग्या लागल्या होत्या. गेनबानं पाणी तापवलं आणि पाठ धुतली. पुन्हा तो तलावावर गेला नाही.

तलाठी आनंदरावांनी त्याला चावडीपाशी थांबवलं. "गेनबा, ज्यांना काम होत नाही त्यांना सरकार घरी मदत देतंय. आजाऱ्याला सोडून जाता येत नाही, अशा माणसालाही मिळते."

"मला? म्या तर धडधाकट हाय."

"म्हणूनच तालुक्याचे साहेब येऊन बघणार आहेत."

साहेब आले. गेनबानं घर सारवलं होतं, सगुणाबाईला धुतलेलं लुगडं नेसवलं होतं. साहेब दारातूनच म्हणाले, "बाई, दिवसभर एकटं राहता येतं का तुम्हाला?"

सगुणाबाईनं आढ्याकडं बघितलं. "ऱ्हाते की. म्या काय तान्हं पोर हाय व्हय?"

साहेबांनी आनंदरावांकडं पाहिलं आणि पुढच्या घराला गेले.

गेनबा बराच वेळ उंबऱ्यात बसला. "आसं का म्हनलीस?"

"तुमी एवढं गडी मानूस. माज्यापायी खैरात घ्यायची? गाव काय म्हनंल?"

"गाव येतंय का तुला वळवाया?"

तिनं तोंड भिंतीकडं केलं. "परक्या मान्साला कसं सांगू, समदं हितंच व्हतंय म्हून?"

त्यानं उठून पायात वहाणा घातल्या.

साहेबांचा मुक्काम शेजारच्या किकवी गावाला होता. गेनबा तिथवर चालत गेला. ओसरीवर माणसं बसली होती, कारकून होता. जे तिला सांगता आलं नाही, ते सगळ्यांदेखत त्याला सांगावं लागलं.

"बाई तर राहते म्हणाल्या," साहेब म्हणाले.

"ती लाजली, साहेब. पांगरून काडून पाठ दावायला पायजे व्हती. माज्यानं न्हाई झालं."

साहेब म्हणाले, "नर्सबाईंना पाठवतो."

नर्सबाई आल्या. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दार लोटलं. आतून सगुणाबाईचं रडणं ऐकू आलं. बाहेर आल्यावर त्या गेनबाला म्हणाल्या, "दवाखान्यात येऊन माझ्याकडून मलम घेऊन जा. आणि यांना एकटं सोडू नका."

मदत सुरू झाली. गेनबा चावडीवर आंधळ्या-पांगळ्यांच्या रांगेत उभा राहायचा. मागून कुणीतरी बोलायचं, "हा बी का रांगंत?" तो मान वर करायचा नाही. मिलो नावाच्या परदेशी जोंधळ्याच्या लाल भाकरी दोघं खायचे. दिवसभर समोरासमोर राहून दोघांना एकमेकांचा वीट यायचा. एकदा त्यानं पितळी फेकली आणि रानात निघून गेला. मग तिला वळवायची वेळ झाली म्हणून परत आला.

पुढच्या साली पाऊस झाला. तलावाचं काम थांबलं, मदतही थांबली. गेनबा आनंदरावांकडं गेला. "बाई तर हाय तशीच हाय की."

"खरंय तुझं. पण ती दुष्काळाची मदत होती, गेनबा."

"व्हय," म्हणून तो उठला. शेजारच्या मळ्यात अर्ध्या दिवसाचं काम बघायला गेला.

सगुणाबाई त्यानंतरही काही वर्षं जगली. शेवटचा हिवाळा तिला सोसला नाही. तोवर गेनबाची पाठ वाकली होती. तिच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या भावकीनं, अजून वय आहे, दुसरी बायको कर म्हणून गळ घातली. गेनबा भिंतीला टेकून बसला होता.

"नगं," तो म्हणाला. "लई दमलोय. जरा पडू द्या मला."