न्हाणीचा झरोका

शेजारच्या इतिंगच्या न्हाणीत गॅसचा गिझर बसला आणि त्याच आठवड्यात सासू-सुनेची जुंपली. आमच्या घरांमधली भिंत फळ्यांची, मला कान लावायचेही कष्ट पडले नाहीत. सासूनं, अंबू उनेहनं, कमरेचा जुना सारोंग फाडून न्हाणीचा झरोका बुजवला होता आणि सुनेनं, इतिंगनं, तो बोळा उपसून अंगणात फेकला होता.

“वारा अंगात शिरला तर पाठ कोण खरवडणार, तू?”

“खरवडीन की, अंबू. अंगातला वारा नाण्यानं निघतो. त्या ज्योतीचा विषारी वायू नाही निघायचा. त्याला वाससुद्धा नसतो.”

“वास नाही, तर वायू कसला?”

खरं सांगते, मलाही म्हातारीचंच पटलं. डोंगरावरच्या आमच्या लेंबांग गावच्या या थंडीत डोकं दुखलं, मळमळलं, की आम्ही सगळं वाऱ्यावर ढकलतो. तेल लावायचं, नाण्यानं पाठ लाल होईपर्यंत ओढायची आणि दारं-खिडक्या लावून घ्यायच्या.

बसवणाऱ्यानं गिझर नळाजवळ म्हणून न्हाणीतच टांगला होता. तो बाहेर पडवीत काढावा असं इतिंगचं म्हणणं, पावसानं विझेल असं अंबूचं. गिझर आतच राहिला आणि इतिंगची झोप गेली. मार्केटात कोबी विकायला निघण्याआधी गॅसच्या नळीच्या सांध्यावर साबणाचा फेस लावायची, बुडबुडे येतात का बघायची. गिझरच्या काचेतून ज्योत बघायची. निळी असली तर ठीक, पिवळी झाली की बंद करून मिस्त्रीला बोलवायची. नळी जुनी दिसली की बदलायची. घरातून निघून परत यायची, सिलिंडरची चावी बघायची, पुन्हा निघायची. तिनं गिझरशी दुसरं लग्न लावलंय, असं अंबू गल्लीभर सांगे. आम्ही हसायचो.

मग इतिंगची लेक नेनदेन बाळंतपणाला आली. चाळीस दिवस बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. ते काम अंबूचं. त्या दिवशी सकाळपासून डोंगरावरून बोचरं वारं सुटलं होतं. मार्केटात इतिंगचं कशात लक्ष लागेना. थंडी वाढली की अंबूचे हात चिंध्या शोधतात, हे तिला ठाऊक होतं. कोबी तशीच टाकून ती गाडीत बसली.

मी बाळाला घेऊन त्यांच्याच ओट्यावर होते. अंबू तेलाची बाटली शोधत बाहेर आली, म्हणाली, पोरीचं डोकं गरगरतंय, उलटी येतेय, वारा शिरलाय, अजून थोडं गरम पाणी घालते. तिचं स्वतःचंही डोकं ठणकत होतं. तेवढ्यात इतिंग आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. आत जाऊन गिझर बंद केला, अंबूनं झरोक्यात कोंबलेली गोधडी ओढून काढली, आणि ओल्या लेकीला काखेत धरून फरफटत अंगणात आणलं, भर वाऱ्यात.

“अगं मारशील तिला! चाळीस दिवस झाले नाहीत!”

“वाऱ्यातच जगेल ती, अंबू. तुम्हीपण बाहेर बसा.” मग माझ्याकडे वळली. मी वयानं थोरली, म्हणून ती मला चेउ, म्हणजे ताई, म्हणे. “चेउ, बाळाला घेऊन लांब उभी राहा. आणि कुणाला तरी गाडी आणायला पाठव.”

नेनदेनचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे उघडत नव्हते. दवाखान्यात नाकाला नळी लावून प्राणवायू दिला, तेव्हा संध्याकाळी तिनं बाळ मागितलं. अंबूनं चूक कबूल केली नाही. ओल्या अंगानं बाहेर बसवल्यामुळेच पोरीला दवाखाना दिसला, असं ती महिनाभर म्हणत होती. पण मिस्त्री गिझर काढून पडवीत लावायला आला, तेव्हा शिडी तिनंच धरली.

इतिंगची धडपड मात्र थांबली नाही, उलट ती गल्लीभर फिरू लागली. माझ्याही न्हाणीत यायची, झरोक्याला हात लावून वारा येतो का बघायची, आणि चहा न घेता जायची. पुढे अंबू गेली, नेनदेन आपल्या संसारात खाली बांडुंग शहरात रमली.

इतिंग वारली त्या दिवशी सकाळी छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाली होती. मी म्हटलं, झोप. ती म्हणाली, नेनदेनकडची नळी कडक झालीय, एवढं करून येते. पिशवीत नवी नळी घालून गाडीनं खाली गेली. जावई कामावर होता. तिनं सिलिंडर बंद केला, नळी बदलली, सांधे तपासले, ज्योत निळी येईपर्यंत उभी राहिली. मग जुनी नळी कुणी पुन्हा लावू नये म्हणून सुरीनं मधोमध कापली आणि तुकडे कचऱ्यात टाकून परतीच्या गाडीत बसली. गाडी लेंबांगला पोचली, तेव्हा ती बसल्या जागी गेलेली होती.